माळ, मेंढरं आणि हंगामाची वाट

दिवाळी सरली की नगर-कल्याण रस्त्यावर मेंढरांचे वाडे दिसू लागतात. भाळवणी, टाकळी ढोकेश्वर, बेल्हे, आळेफाटा, ओतूर आणि मग माळशेजचा घाट. कळपाबरोबर बाप्ये चालतात, घोड्यांचं सगळं बायकांकडे. घोडीच्या पाठीवर पाल, वाघरीचं जाळं, पातेली, घोंगड्या, वर पाय बांधलेली एखादी कोंबडी आणि पिशवीतून मुंडकं बाहेर काढलेली दोन-चार दिवसांची कोकरं. नगरच्या उत्तरेला नागापूरला मनमाड रस्त्याने येणाऱ्या कळपाला औद्योगिक वसाहतीच्या ट्रकांमधून वाट काढावी लागते. मागचे गाडीवाले हॉर्न वाजवत राहतात.

याच नगर-पुण्याकडची हौशी माणसं आता मंगोलियाला जातात. गोल तंबूत राहायचं, घोडीचं आंबवलेलं दूध चाखायचं, क्षितिजापर्यंत पसरलेलं गवत डोळे भरून पाहायचं, यासाठी चांगले पैसे मोजतात. जावंच; तो देश पाहण्यासारखा आहे. पण तिथे जे पाहून मन भरून येतं, त्याचंच एक रूप आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी चालत जातं आणि आपण त्याला वाहतुकीचा अडथळा समजतो, हे खटकतं. प्रश्न नुसत्या आदराचाही नाही. ही वाट टिकवायची की मोडू द्यायची, हा जमिनीच्या धोरणाचा प्रश्न आहे.

पारनेर तालुक्यातल्या धवळपुरीसारख्या मेंढपाळ धनगरांच्या गावांचं गणित पावसावर बेतलेलं आहे. नगर जिल्ह्याचा बराचसा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पावसाळ्यात माळावर कुसळी, पवना, मारवेल उगवतं तेव्हा कळप घराजवळ चरतात. दिवाळीनंतर गवत वाळतं, पाणी आटतं. त्याच सुमारास घाटाखाली भात कापून झालेला असतो, खाचरं मोकळी असतात, ओल टिकून असते. मेंढरं तिकडे उतरतात. उन्हाळा संपता संपता परत वर येतात, कारण कोकणचा पाऊस त्यांना मानवत नाही. सतत ओल्यात राहिलं की खूर कुजतात, जनावर लंगडतं आणि खंगतं. दख्खनी मेंढी कोरड्या माळाची आहे. काटक, लांब पायांची, दिवसभर चालूनही न थकणारी. वर्षभर एकाच जागी तिला पोसायचं तर माळ संपेल किंवा मेंढी तरी. म्हणून चालणं.

मुक्कामाची संध्याकाळ जवळून पाहावी. वावरात खुंट्या ठोकून वाघर लावली जाते. दिवसभर आयांपासून दूर ठेवलेली कोकरं सोडली की एकच कालवा उठतो. शेकडो आया, शेकडो पिल्लं. प्रत्येक मेंढी हुंगून आपलंच कोकरू जवळ घेते, दुसऱ्याचं ढुशी मारून हाकलते. एखादी पिल्लाला घेईना तर बाई तिचं तोंड धरून कोकराला पाजते. मग चुलीवर भाकरी. दुसऱ्या रात्री वाघर सरकवून पलीकडच्या तुकड्यात लावतात, म्हणजे लेंड्या आणि मूत सगळ्या रानाला मिळतं. शेतकरी मेंढरं ‘बसवतो’ ती यासाठी, आणि त्याचा मोबदला धान्यात किंवा पैशात देतो. खताचं पोतं, ट्रॅक्टरची फेरी, डिझेल, यातलं काही न लागता रान खतावतं. शेती आणि पशुपालन यांच्यातला हा जुना व्यवहार कुठल्याही सरकारी योजनेपेक्षा अधिक काळ टिकला आहे.

तो आता आक्रसतो आहे. 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पुढे मुळा धरणाचे कालवे आले आणि जिल्ह्याचा मोठा भाग उसाखाली गेला. यातून हजारो घरं वर आली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ऊस वर्ष-दीड वर्ष जमीन अडवतो. मेंढरांना मोकळं रान लागतं, ते कमी झालं. शिवाय त्याच उसात बिबट्या राहू लागला. अकोले तालुक्यातल्या शेतवस्तीत बिबटे कसे राहतात, यावरचा विद्या अत्रेय यांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. वाड्यावर रात्री जागणाऱ्याला तो बदल त्याआधीच कळला होता.

मंगोलियात काय घडलं ते पाहू. सुमारे 35 लाख लोकवस्तीच्या त्या देशात जवळपास एक तृतीयांश कुटुंबं आजही पशुपालनावर जगतात. घोडा, गाय किंवा याक, उंट, मेंढी, शेळी ही त्यांची पाच जनावरं. हिवाळ्यासाठी वाऱ्याच्या आडोशाचा तळ, वसंतात पिल्लं देण्यासाठी वेगळा, उन्हाळ्यात नदीकाठ. 1992 च्या राज्यघटनेने कुरणांची जमीन खाजगी मालकीत जाणार नाही, असं ठरवलं. हिवाळी तळावर कुटुंबाचा हक्क नोंदता येतो. कुरण सर्वांचं राहतं. हिवाळा फार कडक निघाला की जनावरं मरतात, त्याला तिकडे ‘झुद’ म्हणतात. 2009-10 च्या झुदमध्ये सुमारे 1 कोटी जनावरं मेली, 2023-24 मध्ये 70 लाखांहून अधिक.

तिथलं सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. 1990 नंतर सामूहिक पशुपालन संस्था मोडल्या, शेळीच्या कॅशमियर लोकरीला भाव आला, शेळ्या बेसुमार वाढल्या. अडीच कोटींच्या आसपासची जनावरं तीस वर्षांत सात कोटींवर गेली आणि कुरणं झिजली. फिरस्ती चराई म्हणजे आपोआप निसर्गरक्षण, असा भाबडा समज कोणी करून घेऊ नये. बाजाराने एकाच मालाची हाव लावली की तीही बिघडते. आपल्याकडे वेगळ्या रीतीने हेच दिसतं. दख्खनी मेंढीच्या काळ्या, रखरखीत लोकरीची घोंगडी सणगर विणत, तिला चिंचोक्याची खळ देत. आज अनेक ठिकाणी लोकरीतून कातरण्याची मजुरीही सुटत नाही. मग कळपात मटणासाठी वजनदार, कमी लोकरीचा माडग्याळ मेंढा येतो आणि माळाला सरावलेली जात हळूहळू पातळ होते.

तरीही मंगोलियाने एक गोष्ट मान्य केली आहे: गवताळ प्रदेश ही गवताळ प्रदेश म्हणूनच मोलाची जमीन आहे. आपण तेवढंही मान्य केलेलं नाही. महसुली दप्तरात जे पिकत नाही ते पडीक, ही इंग्रजांच्या काळापासूनची दृष्टी अजून चालू आहे. देशाच्या पडीक जमिनींच्या अधिकृत नकाशांत गवताळ माळांचे मोठे पट्टे येतात. पडीक म्हटलं की खड्डे खणून गिरिपुष्प, सुबाभूळ लावायची मुभा मिळते, कारखाना उभारता येतो, सौर पॅनेल मांडता येतात. नागापूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली, लोकांना रोजगार मिळाला, ते आवश्यकच होतं. पण प्रत्येक माळ पुढच्या वसाहतीची राखीव जागा नसतो.

या माळावर माणसांखेरीजही पुष्कळ काही जगतं. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला 1980 साली काळविटांसाठी अभयारण्य झालं, जेमतेम 2.17 चौरस किलोमीटरचं. त्याच्या आदल्या वर्षी सोलापूर आणि नगर जिल्हे मिळून माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा त्याचं क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर होतं. पुढे ते 1,222 वर आणलं गेलं. माळढोक जवळपास गेलाच. लांडगा अजून आहे. देशात ते तीन हजारांच्या आसपास असावेत, आणि दख्खनचा माळ हे त्यांचं एक मोठं घर. लांडगा मेंढरं मारतो, मेंढका त्याला हाकलतो, नुकसानभरपाईचा कागद सहसा कोणी करत नाही. पण जुनी माणसं कोकरू गेलं तर त्याचा वाटा त्याने नेला म्हणून पुढे चालतात. वन्यजीव कायद्याने 1972 पासून जे रक्षण करू पाहिलं, त्याचा मोठा भार या माणसांनी सोसला आहे. नोंद मात्र फक्त अभयारण्याची झाली.

कायद्यात त्यांच्यासाठी जागा आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा चराईचा आणि हंगामी वापराचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. अडचण पुराव्याची. अनुसूचित जमातीत नसलेल्यांनी 75 वर्षांचं वास्तव्य दाखवायचं. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमातींच्या ‘क’ प्रवर्गात येतात. जो सहा महिने वाटेवर असतो त्याने एका जागी राहिल्याचा दाखला कुठून आणायचा? राज्य सरकारची राजे यशवंतराव होळकर महामेष योजना मेंढ्यांसाठी अनुदान देते, पावसाळ्यातल्या चराईसाठीही पैसे देते. पैसा उपयोगी आहे, पण मेंढी अनुदान खात नाही. तिला माळच लागतो.

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष गवताळ प्रदेश आणि पशुपालकांसाठी जाहीर केलं, आणि त्यासाठी मंगोलियानेच पुढाकार घेतला होता. जिल्ह्याला अहिल्यादेवींचं नाव मिळालं आहे. त्यांचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चोंडीचा, धनगर घरातला. निदान इथे तरी काही कामं लगेच व्हावीत. धवळपुरीसारख्या गावांतल्या कारभाऱ्यांना बरोबर घेऊन वाटांचा आणि मुक्कामांचा नकाशा करावा, त्यात बायकांना विचारावं, कारण पाणी कुठे आटलं आणि कुठे पाल टाकू देत नाहीत हे त्यांना आधी कळतं. गायरान सौरप्रकल्पाला किंवा उद्योगाला देण्याआधी त्या नकाशाशी ताडून पाहावं. आळेफाटा आणि घाटाखालचं मुरबाड इथे लसीकरण आणि पाण्याची सोय कार्तिकात आणि वैशाखात असावी, आणि घाट उतरण्याच्या दिवसांची कल्पना वाहतूक पोलिसांना आधी द्यावी.