तिच्या चित्रामागचे कारण

चित्र काढणाऱ्या बाईची मुलाखत घ्यायची असली की पहिला नाही तर दुसरा प्रश्न ठरलेला असतो : आपल्याला प्रेरणा कोठून मिळते? उत्तरेही बहुधा ठरलेलीच. निसर्ग, आई, बालपण, पाऊस. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते आणि सांगणारीही खोटे बोलत नसते. तरी हा प्रश्न आम्हाला नेहमी अर्धवट वाटत आला आहे. गवंड्याला किंवा सोनाराला तो कोणी विचारत नाही. पुरुष चित्रकाराला विचारला तरी बोलणे लगेच त्याच्या शैलीवर, त्याच्या काळावर, चित्रांच्या किमतीवर जाते. बाईला विचारताना मात्र त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो. घर आहे, मुले आहेत, सासू-सासरे आहेत. एवढे सगळे असताना तुला चित्र काढायची गरज काय पडली? म्हणजे प्रेरणेची चौकशी करता करता आपण तिचा परवाना तपासत असतो.

चित्र काढायला माणसाला कारण लागते का? आणि लागत असेल तर ते कारण कोणाचे असावे, त्याचे स्वतःचे की भोवतालच्या माणसांचे? हा प्रश्न आम्हाला येथे मांडायचा आहे. त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. वसई-विरारमध्ये राहणाऱ्या आम्हा लोकांना पूर्वेकडे तुंगारेश्वरचे डोंगर रोज दिसतात. त्या बाजूला पारोळ, भाताणे, मेढे अशी गावे आणि त्यांच्या भोवती आदिवासी पाडे आहेत. तेथून पुढे पालघर, डहाणू, तलासरी, जव्हारपर्यंत वारली समाजाची वस्ती पसरलेली आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला आमचा पालघर जिल्हा आज जगात कशाने ओळखला जात असेल, तर तो वारली चित्रांनी.

ही चित्रे मुळात बायकांची. लग्नघरात कुडाची भिंत शेणाने सारवून, गेरूने लाल करून त्यावर सवाशिणींनी चौक लिहायचा. तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे, बांबूची काडी टोकाला ठेचायची, की झाली कुंची. मधोमध पालघट देवी, भोवती नक्षीची चौकट, झाडे, नाचणारी माणसे. विधी सांगणारी आणि गाणी म्हणणारी धवलेरीही बाईच. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. येथे प्रेरणा कोठून आली, असे विचारणेच हास्यास्पद ठरेल. लग्न ठरले, भिंत तयार झाली, म्हणून चित्र आले. घराला त्या हाताची गरज होती. कोणाचे नाव त्याखाली लिहिले जात नव्हते आणि लग्न झाल्यावर ते चित्र जपलेही जात नव्हते. मात्र हे सारे सुंदर म्हणून सांगताना एक गोष्ट झाकू नये. चौकाचा मान सवाशिणीचा. नवरा गेला की बाईचा तो मान गेला. तिचा हात तोच, डोळे तेच, पण भिंत तिची राहिली नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचा कलावंत हस्तकला मंडळाच्या कामासाठी या पाड्यांत आला. त्याने बायकांपुढे कागद आणि रंग ठेवले. बायका बुजल्या. पुढे आला तो जिव्या सोमा म्हसे. लहानपणी आई गेल्यावर हा मुलगा बोलायचा थांबला होता आणि मातीत रेघा ओढून आपले म्हणणे सांगत असे. चौक लिहिणे हे त्याचे काम नव्हते. तो नुसता, मनाला वाटेल तेव्हा, रोज चित्र काढू लागला. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्याची चित्रे लागली, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०११ साली पद्मश्री. २०१८ साली तो वारला. त्याच्या कर्तृत्वाबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. मासे पकडण्याचे जाळे पांढऱ्या रेघांनी कागदभर पसरवणारा त्याचा हात थोर होता, यात वाद नाही. पण त्याच्यानंतर वारली चित्रकार म्हटले की पुरुषाचे नाव पुढे येऊ लागले आणि बायकांची कला हळूहळू पुरुषांचा व्यवसाय झाली.

का झाले असे? आम्हाला सुचणारे एक उत्तर विचित्र आहे. जिच्यावर चित्र काढण्याचे कर्तव्य होते तिला कागदावर विनाकारण चित्र काढणे जमेना, कारण लग्नाशिवायचा चौक तिच्या लेखी चौकच नव्हता. ज्याच्यावर कर्तव्य नव्हते तो मोकळा होता. कर्तव्यातून आलेली प्रेरणा कर्तव्याबरोबर संपते, असे यावरून म्हणावेसे वाटते.

पण हे उत्तर पुरत नाही. कारण हाच भास्कर कुलकर्णी त्याआधी, १९६६-६७ च्या दुष्काळात, बिहारमधल्या मिथिलेत कागद घेऊन गेला होता. तेथेही चित्रे बायकांची, तीही लग्नाच्या कोहबर घरातली. आणि तेथे मात्र बायकांची नावे जगभर गेली. जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली, सीता देवींना १९८१ साली, गंगा देवींना १९८४ साली. माणूस तोच, कागद तसाच, निष्कर्ष उलटा. आमचा अंदाज असा की मिथिलेत दुष्काळाने घरोघरी पोटाचा प्रश्न उभा केला होता आणि घरात बसून केलेल्या चित्राने पैसा येतो हे दिसल्यावर घरच्यांनी बाईला आडवले नाही. म्हणजे तेथेही घराला तिच्या हाताची गरज पडली, फक्त निराळ्या कारणाने. डहाणूकडे शहरात जाऊन चित्र विकणे, साहेबाशी बोलणे, परदेशाचा प्रवास करणे ही कामे पुरुषाच्या वाट्याची ठरली आणि चित्र त्या कामांच्या मागे गेले. आता वारली बायकांची नावेही दिसू लागली आहेत. चेन्नईच्या तारा बुक्सने मुलांसाठी काढलेल्या ‘डू!’ या वारली चित्रांच्या पुस्तकात रमेश हेंगडी आणि शांताराम धडपे यांच्याबरोबर रसिका हेंगडी आणि कुसुम खरपडे ही नावे आहेत. पुस्तकावर नाव येणे ही लहान गोष्ट नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या भिंती लिहिणाऱ्या ज्या बायकांचे एकही नाव आपल्याला ठाऊक नाही, त्यांच्या तुलनेत तर नाहीच.

एवढे वारली समाजाविषयी लिहिले, ते आपल्या घराकडे पाहता यावे म्हणून. सोपारा, पापडी, वसई कोळीवाडा, नालासोपारा, विरार, आपल्या कोणत्याही मोहल्ल्यात निकाहच्या आदल्या रात्री काय चालते ते आठवा. मेंदीचा कोन घेऊन एक मुलगी बसते आणि पहाटेपर्यंत पंधरा-वीस जणींचे हात भरते. मधल्या बोटापासून मनगटापर्यंत न पुसता, न खोडता काढलेली ती नक्षी पाहा. खोडरबर नाही, आराखडा नाही. ही चित्रकार नव्हे तर कोण? तिलाही कोणी प्रेरणा विचारत नाही आणि आठ-दहा दिवसांत तिचे काम धुऊन जाते. वारली सवाशिणीप्रमाणे तिच्याही हाताची घराला गरज आहे, तोवर ती हुशार, गुणी, ‘हात फार छान’. तीच मुलगी सकाळी वहीत एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा काढू लागली की घरात दोन आवाज उठतात. एक, याचा उपयोग काय? दोन, तसवीर जायज आहे का?

दुसऱ्या आवाजाची टिंगल करणे आम्हाला मान्य नाही. जीवधारीची आकृती काढण्याबद्दलचा इशारा हदीसमध्ये आहे आणि त्यामागची भीती, की माणूस आपणच घडवलेल्या आकृतीपुढे झुकेल किंवा स्वतःला घडवणारा समजू लागेल, ही उथळ भीती नाही. त्याचबरोबर हजरत आयेशा (र.) यांच्या बाहुल्यांचा उल्लेखही हदीसमध्येच आहे, आणि उलेमांनी या विषयावर एकच एक मत दिलेले नाही. जहांगीर बादशहाच्या काळातल्या चित्रांवर सहीफा बानो, नादिरा बानो अशी बायकांची नावे सापडतात. आमची हरकत निराळ्या जागी आहे. ज्या घरात लग्नाचा अल्बम पाहुण्यांपुढे ठेवला जातो, निवडणुकीच्या फलकावर घरच्या कर्त्या पुरुषाचा हसरा चेहरा झळकतो, मोबाईलमध्ये हजारो छायाचित्रे साठतात, त्या घराला तसवीरीचा मसला नेमका मुलीची वही उघडल्यावरच आठवावा, याला धर्मनिष्ठा म्हणायचे का? ज्याला हा मसला खरोखर बोचतो त्याने तो स्वतःच्या फोटोपासून सुरू करावा. मग त्याचे म्हणणे आम्ही बसून ऐकू.

आकृती न काढताही चित्र होते, हे आपल्यातल्याच एका बाईने दाखवले. नसरीन मोहम्मदी यांचा जन्म १९३७ साली कराचीत झाला. पुढे कुटुंब मुंबईत आले. लंडन आणि पॅरिसला शिकून त्या परतल्या आणि १९७२ पासून बडोद्याच्या कला विभागात शिकवू लागल्या. आराखडे काढण्याची उपकरणे, शाई आणि पांढरा कागद, एवढ्यावर त्यांनी रेषा ओढल्या. माणूस नाही, झाड नाही, रंगही जवळजवळ नाही. अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांच्या कुटुंबाचे घर होते. भरती-ओहोटीने वाळूवर उमटणाऱ्या रेघा, मागावर ताणलेले धागे, रस्त्यावरचे पट्टे, फतेहपूर सिक्रीचे चौक यांची छायाचित्रे त्या काढून ठेवीत. कोकणातल्या कोणाही माणसाने ओहोटीनंतरची वाळू पाहिलेली असते. आपल्या राजोडी-अर्नाळ्यालाही ती तशीच दिसते. पाहणे मात्र निराळे.

काहीजण नसरीन यांच्या रेषांत इस्लामी नक्षीची परंपरा शोधतात, काही पाश्चात्त्य अमूर्त कला. त्यांच्या डायरीत कांदिन्स्कीचेही नाव येते. आम्हाला त्या वादात रस नाही. आम्हाला त्यांच्या एका सवयीचे मोल वाटते : चित्राला त्या बहुधा नाव देत नसत आणि तारीखही घालत नसत. वारली सवाशिणीचे चित्र निनावी होते, कारण तिला नाव विचारणारे कोणी नव्हते. नसरीन यांनी नाव असूनही चित्राला मथळा दिला नाही; कारण विचारण्याची संधीच ठेवली नाही. शेवटच्या वर्षांत मज्जासंस्थेच्या आजाराने त्यांचे शरीर ताब्यात राहत नव्हते, तरी कागदावरची रेष सरळ जात होती. १९९० साली किहीमलाच त्यांचे निधन झाले. २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपली नवी इमारत उघडली ती ज्या प्रदर्शनांनी, त्यांत एक त्यांचे होते. आपल्या किती घरांत हे नाव ठाऊक आहे?

नसरीन यांना कारण द्यावे लागले नाही, असे म्हणताना हेही खरे की त्यांच्या पाठीशी सुस्थितीतले घर होते. आणि कधी कधी कारण मागण्याची वेळच येत नाही, ते दारावर येऊन थडकते. रुमाना हुसेन (१९५२-१९९९) या मुंबईत आकृतिप्रधान चित्रे काढत होत्या. ६ डिसेंबर १९९२ आणि त्यानंतरची मुंबई पाहिल्यावर त्यांनी ती चित्रे बाजूला ठेवली. फुटलेली मडकी, आरसे, गेरू, नीळ यांची मांडणी त्या करू लागल्या. १९९५ साली नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत पायात घुंगरू बांधून, हातात कापलेली पपई घेऊन, तोंड उघडे पण मुके ठेवून त्या चालल्या. घुमटाचा आकार, फुटलेले मडके आणि बाईचे शरीर त्यांनी एका ओळीत आणून ठेवले. त्याच दंगलीनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबे मुंब्रा, मिरा रोडकडे सरकली, काही आमच्याकडे नालासोपाऱ्यापर्यंत आली. त्या घरांतल्या बायकांनीही फुटलेले संसार सोबत आणले होते. त्यांना कोणी मांडणी करायला जागा दिली नाही, हे खरे. पण रुमानांच्या त्या मडक्यांकडे पाहताना या बायकांना ते काय आहे हे समजावून सांगावे लागले नसते, असे आम्हाला वाटते.

मग कारण कोणाचे? घराची गरज हे कारण असले तर चित्र टिकते, पण बाई गरजेपुरती उरते. स्वतःची ओढ हे कारण असले तर बाई मोकळी होते, पण त्या मोकळेपणाची किंमत कोणीतरी मोजावी लागते. भाडे, वेळ, एक टेबल, एक बंद होणारे दार. या दोहोंतले एक निवडा असे आम्ही म्हणणार नाही. मेंदी काढणाऱ्या मुलीने मेंदी सोडून द्यावी असे कोण म्हणेल? तिच्या हाताची गरज मोहल्ल्याला आहे, हा तिचा मोठा मान आहे. पण जो हात दुसऱ्यांच्या लग्नात पहाटेपर्यंत चालतो त्याला रविवारचे दोन तास विनाकारण चालू देणे, आणि त्या दोन तासांचा हिशेब न मागणे, हे देणे घरावर लागते. उपकार म्हणून नव्हे. इतकी वर्षे तो हात आपण फुकट वापरला म्हणून.

आठवी-नववीत आपल्या उर्दू आणि मराठी शाळांतल्या मुली एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसतात. ड्रॉइंगचे सर घरी येऊन सांगतात, मुलीचा हात चांगला आहे, हिला पुढे शिकू द्या. जेजेला पाठवायचे तर विरारहून लोकलने रोज दीड-दोन तास, येताना पुन्हा तेवढेच. घरचे मान डोलावतात, सरांना चहा देतात. वन रूम किचनमध्ये मोठा ड्रॉइंग पेपर पसरायचा म्हणजे जमीन मोकळी हवी, आणि ती मोकळी होते जेवणे आटोपल्यावर, गाद्या पडण्याआधी, तास-अर्ध्या तासासाठी. तेवढ्यात जे होईल ते. मग कागद गुंडाळून कपाटावर.