स्लोनचा ढोल

संग्रहालय सगळ्यांचं असतं, ही कल्पनाच मला फार आवडते. पण सगळ्यांचं होण्याआधी ते कुणाचं होतं, आणि कशाच्या जोरावर? हा प्रश्न मला हान्स स्लोनपाशी येऊन अडवतो.

स्लोन लंडनचा डॉक्टर. १६८७ मध्ये गव्हर्नरचा वैद्य म्हणून जमैकाला गेला आणि शेकडो वनस्पती वाळवून घेऊन आला. पुढे त्याने लग्न केलं ते तिथल्या एका मळेवाल्याच्या विधवेशी. उसाच्या त्या मळ्यांवर गुलाम राबत आणि नफ्यातला वाटा लंडनला येई. डॉक्टरकीची कमाईही दणदणीत होती. दोन्ही पैसे एकाच खिशात पडले. नाणी, पुस्तकं, शंखशिंपले असं करत ७१ हजारांवर वस्तू जमल्या. १७५३ मध्ये तो वारला तेव्हा मृत्युपत्रात लिहिलेलं होतं: मुलींना २० हजार पौंड द्या आणि संग्रह राष्ट्राने घ्या. पार्लमेंटने चक्क लॉटरी काढून पैसे उभे केले. १७५९ मध्ये ब्रिटिश म्युझियम उघडलं. प्रवेश फुकट, फक्त आधी लेखी अर्ज करायचा!

त्या संग्रहात एक ढोल आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून आलेला, म्हणून बराच काळ तो तिथल्या मूलनिवासींचा समजला गेला. नंतर कळलं, लाकूड पश्चिम आफ्रिकेतलं, घडण आकान लोकांची. म्हणजे तो गुलामांच्या जहाजातून आला असणार. अशा जहाजांवर कैद्यांना व्यायाम म्हणून बळजबरीने नाचवत. त्यासाठीच हा वाजवला असेल का?

स्लोनसाठी तो कुणी उचलला नसता, तर आज तो उरलाच नसता, असं म्हणतात. खरंच आहे. पण जपणूक हा एक हिशेब आणि मिळवणूक हा दुसरा; पहिल्यातली शिल्लक दुसऱ्यात वळती करता येते, असं मला वाटत नाही. दान केलं की संपत्ती धुऊन निघते, ही समजूत तर आपल्याकडेही घट्ट आहे.

२०२० मध्ये म्युझियमने स्लोनचा अर्धपुतळा चौथऱ्यावरून काढून काचेच्या कपाटात ठेवला आणि गुलामगिरीशी असलेला त्याचा संबंध शेजारी लिहिला. काहींना ही इतिहासाची मोडतोड वाटली. मला नाही वाटत. पुतळा तिथेच आहे, माहिती तेवढी वाढली.

ढोलाचं मात्र इतकं सोपं नाही. परत द्यायचा तर कुणाला? ज्या भागात घडवला त्या आजच्या घानाला, की व्हर्जिनियात विकल्या गेलेल्यांच्या वंशजांना?