तारखा लक्षात ठेवायच्या कोणी?

जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ काढले, तेव्हा मराठी घरांना पंचांग नवे नव्हते. सोलापूरचे दाते पंचांग त्याआधी अर्धशतकाहून अधिक काळ निघत होते. पण पंचांगातली तिथी-नक्षत्रांची कोष्टके वाचता येणारे थोडे. बाकीच्यांना एकादशी आज धरायची की उद्या, हे गुरुजींना किंवा शेजारच्या आजोबांना विचारावे लागे. दिनदर्शिकेने ही माहिती इंग्रजी तारखेच्या चौकोनात आणून बसवली. संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता, हे स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईला मान वर करून पाहता येऊ लागले. साळगावकरांचे हे काम मला फार मोठे वाटते.

बाईने त्या चौकोनाचा पुढे जो उपयोग केला, तो तिचा स्वतःचा होता. उरलेल्या कोऱ्या जागेत तिने दुधाचा खाडा लिहिला. पाहुणे आले त्या दिवशी एक लिटर जादा घेतले, ते लिहिले. सिलिंडर कधी लावला, कामाच्या बाई कधी आल्या नाहीत, भिशीचा हप्ता, विजेच्या बिलाची शेवटची तारीख, बाळाचा पुढचा डोस हे सगळे तिथेच. पाळीच्या तारखेला नुसता एक ठिपका, कारण भिंत सगळ्यांची. महिनाअखेरीला दूधवाला दारात आला की हिशेब त्या पानावरून व्हायचा आणि तो सहसा दोघांनाही मान्य असायचा.

वेळेच्या नियोजनावरची पुस्तके येणाऱ्या दिवसांबद्दलच बोलतात. या भिंतीवर मात्र मागचे दिवसही टिकून राहत. मागच्या दोन पानांवरून सिलिंडर किती दिवस पुरतो हे कळे आणि त्यावरून पुढचा कधी नोंदवायचा ते ठरे. घरातला अंदाज असा नोंदीवर उभा असे, आणि हे शहाणपण कोणी शिकवलेले नव्हते.

आपले वर्ष दोन मापांनी चालते, हेही विसरता कामा नये. पगार, फी, हप्ते इंग्रजी तारखेला आणि सण तिथीला. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान. ती तूट अधिक महिना भरून काढतो. गणेश चतुर्थी २०२५ साली २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने ती १४ सप्टेंबरला गेली. कोकणात गावी जाणाऱ्या चाकरमान्याला हा फरक नेमका कळावा लागतो. रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडे, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले. नवी दिनदर्शिका घरात आली की आधी चतुर्थी पाहायची, तिथून दिवस मागे मोजायचे आणि तिकिटाच्या तारखेभोवती गोल करायचा. इतके काटेकोर नियोजन कार्यालयांतही क्वचित दिसते.

आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे आणि फोनमध्ये कॅलेंडर आहे. मीटिंगच्या आधी ते वाजते, तारीख बदलली की स्वतःच बदल करून घेते. एकट्या माणसाच्या कामाला ते उत्तम आहे, त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पण घर म्हणजे एकटा माणूस नव्हे. वडिलांच्या फोनमध्ये ऑफिस आहे, मुलाच्या फोनमध्ये क्लास आणि सामने. सासऱ्यांची रक्ततपासणी, गॅसच्या शेगडीची दुरुस्ती, शाळेतल्या पालकसभेची तारीख ही सर्वांची कामे कोणाच्याच फोनमध्ये नसतात. ती आईच्या डोक्यात असतात. फोनचे कॅलेंडर सर्वांना मिळून वापरता येते, हे खरे. पण ते उघडून पाहावे लागते. भिंतीवरचे पान दूध उतू जाऊ नये म्हणून उभे असतानाही डोळ्यांना दिसते.

म्हणून भिंतीवरची दिनदर्शिका राहावी असे मी म्हणतो. पण तेवढ्याने भागणार नाही. भिंत सर्वांची होती तेव्हाही पेन एकाच हातात होते.

भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात सहभागी होणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवतात आणि पुरुष ८८. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत अंतर जवळपास होते तिथेच राहिले. आणि या मिनिटांत लक्षात ठेवण्याचे काम जवळपास धरलेलेच नाही. ते धरणार तरी कसे? दिवसाची नोंद अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टप्प्यांनी होते, आणि लसीची तारीख आठवते ती पोळ्या लाटताना किंवा लोकलमध्ये उभ्याने. अ‍ॅलिसन डॅमिंजर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ स्त्रीने २०१९ मध्ये या कामाचे चार भाग पाडून दाखवले: गरज आधी ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि झाले की नाही यावर नजर ठेवणे. निर्णयात नवरा-बायको बरेचसे बरोबरीने असतात. पहिला आणि शेवटचा भाग मुख्यतः बाईकडे येतो. अभ्यास तिकडच्या जोडप्यांचा आहे, पण आपल्या घरांतले चित्र याहून वेगळे नाही.

“सांगितले असतेस तर केले असते,” हे वाक्य आपल्याकडे चांगले, कामसू नवरेसुद्धा अगदी मनापासून म्हणतात. सांगायचे तर आधी आठवावे लागते, वेळ साधावी लागते आणि मग झाले का ते पाहावे लागते. एवढे करून जे उरते, ते फक्त हातपाय हलवण्याचे काम.

यावर काही बायका म्हणतील की तारखा आमच्याच हातात बऱ्या, यांच्यावर सोडल्या तर चुकतील. या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या घरात बाईला पैशाच्या व्यवहारात फारसे विचारले जात नाही, तिथे तारखा हाताशी असणे हीच तिची सत्ता असते. ती मागताना पुरुषांनी हा इतिहास ध्यानात ठेवावा. पण त्या सत्तेची किंमत पाहा: ती चार दिवस माहेरी गेली तरी दिवसातून चार फोन येतात, आणि रुग्णालयात पडल्या पडल्याही तिला दूधवाल्याचा हिशेब सांगावा लागतो. तारखा चुकतील हेही खरेच. एखादा डोस आठवडाभर उशिरा होईल, एखाद्या बिलाला दंड बसेल. चुकल्याशिवाय लक्षात ठेवायची सवय कोणालाच लागलेली नाही, तिलाही नव्हती.

‘मदत’ म्हणून सुटी सुटी कामे घेणे पुरेसे नाही. एक बाब पूर्ण घ्यायला हवी. मुलाचे लसीकरण घेतले, तर तारीख माहीत असणे, ती लिहिणे, रजा टाकणे, मुलाला नेणे आणि पुढची तारीख पुन्हा पानावर उतरवणे, हे सगळे एकाच माणसाचे. त्याविषयी दुसऱ्याने आठवण करायची वेळ येता कामा नये.

घरातल्या पुरुषांना माझे एवढेच सांगणे आहे. या महिनाअखेरीला पान उलटाल तेव्हा पेन आपल्या हातात घ्या आणि पुढच्या महिन्यातल्या घराच्या तारखा कोणालाही न विचारता लिहा. मग ते पान बायकोला दाखवा. ज्या तारखांची ती भर घालील, त्यांतली एक बाब त्याच दिवसापासून कायमची आपल्याकडे घ्या.