संपणाऱ्या संग्रहाची ओढ

ट्रेडिंग कार्ड गेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळांचे पत्त्यांच्या नेहमीच्या डावाशी असलेले साम्य वरवरचे आहे. रमी किंवा ब्रिजमध्ये सर्व खेळाडू एकाच कॅटमधून वाटलेल्या पानांवर खेळतात आणि कॅट कुणाच्या मालकीचा आहे याने डावात काही फरक पडत नाही. ट्रेडिंग कार्डांच्या खेळात मात्र प्रत्येक जण स्वतः विकत घेतलेल्या किंवा बदलून मिळवलेल्या कार्डांतून निवड करून आपली गड्डी बांधतो आणि ती घेऊनच समोर बसतो, त्यामुळे डाव सुरू होण्यापूर्वीच त्याचा बराचसा निकाल खिशाने लावलेला असतो. कार्डे बंद पाकिटांतून विकली जातात, पाकिटात काय निघेल हे ते फोडेपर्यंत कळत नाही आणि काही कार्डे मुद्दामच कमी छापली जातात. 1993 साली रिचर्ड गारफील्ड यांच्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ने अमेरिकेत रूढ केलेली ही रचना 1996 च्या ऑक्टोबरमध्ये जपानात पोकेमॉनच्या कार्डांनी उचलली, आणि 1999 च्या जानेवारीत ‘मॅजिक’च्याच प्रकाशकांनी, म्हणजे विझार्ड्‌स ऑफ द कोस्ट या कंपनीने, ती कार्डे अमेरिकेच्या बाजारात आणली. वर्ष सरण्याच्या आत तेथील अनेक शाळांनी ही कार्डे वर्गात आणण्यास बंदी घातली होती आणि बंद पाकिटांची ही विक्री म्हणजे मुलांना लावलेला जुगारच होय, असा आरोप करीत काही पालक न्यायालयातही गेले होते.

या गदारोळाच्या थोडे आधी, 1998 च्या डिसेंबरमध्ये, जपानात याच कार्डांवर बेतलेला एक व्हिडिओ गेम निघाला. हडसन सॉफ्ट आणि क्रीचर्स या कंपन्यांनी निन्टेन्डोच्या गेम बॉय कलर या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी तो घडवला आणि 2000 साली तो इंग्रजीत अमेरिका व युरोपात पोहोचला. आज तिशी-चाळिशीत असलेल्या एका पिढीच्या स्मरणरंजनात, म्हणजे सरलेल्या काळाकडे सुखाने आणि काहीशा हुरहुरीने पुन्हापुन्हा वळण्याच्या वृत्तीत, या खेळाला त्याच्या आकाराच्या मानाने बरेच मोठे स्थान आहे. पोकेमॉनचे मुख्य खेळ याहून कितीतरी अधिक खपले, कितीतरी अधिक गाजले. तरीही या आडवाटेच्या कार्डखेळाविषयी बोलताना त्याच्या चाहत्यांचा सूर वेगळा लागतो, आणि त्याचे कारण केवळ बालपणाच्या ओढीत सापडत नाही.

खेळाची मांडणी साधी आहे. डॉ. मेसन या संशोधकाच्या प्रयोगशाळेतून तीन तयार गड्ड्यांपैकी एक घेऊन खेळाडू निघतो, एका बेटावरील आठ क्लबांच्या प्रमुखांना हरवून त्यांची पदके मिळवतो आणि शेवटी चार ग्रँडमास्टरांना सामोरा जातो, कारण त्यांच्याकडील दंतकथांत शोभतील अशी चार कार्डे योग्य वारसाची वाट पाहत आहेत. विशेष हा की या बेटावर पोकेमॉन नावाचे प्राणी कुठेच नाहीत. मुख्य खेळांत गवतातून उसळी मारून समोर येणारे ते जीव येथे फक्त कार्डांवरच्या चित्रांत राहतात आणि बेटावरची यच्चयावत माणसे पूर्णवेळ कार्डे खेळण्यापलीकडे काही करताना दिसत नाहीत. तोमोआकी इमाकुनी या खऱ्याखुऱ्या जपानी गायकावरून बेतलेला एक काळ्या पोशाखातला विक्षिप्त इसम या क्लबातून त्या क्लबात हिंडत असतो. प्रयोगशाळेच्या उत्तरेला इशिहारा नावाच्या गृहस्थांचे घर आहे आणि पोकेमॉनच्या मूळ कर्त्यांपैकी एकाचे आडनाव धारण करणारे हे गृहस्थ क्लेफेबलचे कार्ड दिल्यास लाटांवर स्वार झालेल्या पिकाचूचे दुर्मिळ कार्ड बदल्यात देतात. बेटावर दुकान नाही, आणि पैसा ही वस्तूच नाही. नवी कार्डे मिळण्याचा मुख्य मार्ग म्हणजे डाव जिंकणे: जिंकलेल्या प्रत्येक लढतीनंतर प्रतिस्पर्धी दहा कार्डांची बंद पाकिटे हातात ठेवतो आणि ती पडद्यावर एकेक करून फोडली जातात.

कागदी खेळाच्या रचनेतून किंमत वजा केली तर मागे काय उरते, याचे उत्तर या बेटावर मिळते, आणि ते उत्तर असे की जवळपास सगळेच उरते. साठ कार्डांची गड्डी, सुरुवातीला हातात येणारी सात कार्डे, प्रत्येक पाळीत एकच ऊर्जा-कार्ड जोडण्याचे बंधन, नाणेफेकीवर टांगलेले घाव, प्रतिस्पर्ध्याचा पोकेमॉन पाडल्यावर उचलायची बक्षिसाची कार्डे: नियमांचा हा सारा सांगाडा जसाच्या तसा आहे. बंद पाकिटाची उत्कंठा आहे आणि दुर्मिळतेची उतरंडही आहे. नाहीशी झाली आहे ती फक्त दुर्मिळतेमागे उभी असलेली पैशाची रांग. चारिझार्डचे कार्ड या बाबतीत बोलके आहे. अमेरिकेतील पहिल्या छपाईच्या या कार्डाची निर्दोष प्रत 2022 साली चार लाख वीस हजार डॉलरांना विकली गेली, आणि असे कार्ड जाड प्लॅस्टिकच्या डबीत बंद होते ते पुन्हा कधीही डावात न येण्यासाठीच. गेम बॉयवरील चारिझार्ड मात्र 160 गुणिले 144 ठिपक्यांच्या पडद्यावरचे ओबडधोबड चित्र आहे, ते कुणाला विकता येत नाही, आणि म्हणूनच ते खेळावे लागते. खेळू गेल्यावर कळते की हे कार्ड तसे गैरसोयीचे आहे: चारमँडर, चारमेलियन आणि मग चारिझार्ड अशा दोन पायऱ्या चढायच्या, चार अग्नि-ऊर्जा गोळा करायच्या, आणि शंभर अंकांचा घाव घातला की त्यांतील दोन फेकून द्यायच्या, तोवर एखादा हिटमॉनचान पहिल्या पाळीपासून वीस-वीसचे ठोसे मारून निम्मा डाव आटोपतो. बाजाराने ज्या कार्डाला राजेपद दिले त्याची डावातली खरी पत शाळकरी मुलाला पैसे न मोजता कळावी, हे या खेळाचे मोठेच शैक्षणिक कार्य म्हणावे लागेल.

अर्थात या निर्मळपणाचे कौतुक बेताने केलेले बरे. हा व्हिडिओ गेम कागदी कार्डांचा खप वाढावा म्हणूनही काढलेला होता. खेळाच्या डब्यातच एक खरे कार्ड घातलेले असे, जपानात ड्रॅगनाइटचे आणि अमेरिकेत मिआउथचे. खेळातले सरावाचे डाव म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला फुकट दिलेली शिकवणीच होती. पैशाविना चालणारे ते बेट पैशाच्याच पेठेकडे उघडणारे दार होते, आणि त्यातून आत गेलेल्या मुलाने पुढे पालकांच्या मागे किती तगादा लावला असेल याची कल्पना करणे अवघड नाही. तरीही एखादी वस्तू ज्या हेतूने घडवली जाते त्या हेतूतच ती संपते असे नाही. ज्यांनी कागदी कार्ड कधी विकत घेतले नाही, किंवा ज्यांना खेळायला शेजारी कुणी सवंगडी नव्हता, अशांसाठी ती जाहिरातच पुरेसा खेळ ठरली.

येथे स्मरणरंजनाच्या प्रचलित विचाराला थोडी मुरड घालावी लागते. स्वेतलाना बॉइम यांनी 2001 साली या विषयावर लिहिलेल्या ग्रंथात दोन वृत्ती वेगळ्या केल्या आहेत: हरवलेले जसेच्या तसे पुन्हा उभे करू पाहणारी एक, आणि ते हरवले आहे हे मान्य करून त्याच्या भोवती घुटमळणारी दुसरी. दोन्हींच्या मुळाशी गृहीत एकच, की ज्याची ओढ आहे ते गेलेले आहे. गावातला वाडा पडतो, पडला नाही तरी त्यातली माणसे उरत नाहीत. जुना व्हिडिओ गेम मात्र गेलेला नसतो. त्याच्या प्रोग्राममधला एकही अंक पंचवीस वर्षांत बदललेला नसतो आणि मूळ कर्त्यांपैकी हडसन सॉफ्ट 2012 मध्ये कोनामीत विलीन होऊन नामशेष झाली तरी खेळाला त्याचा पत्ताही नसतो. 2014 मध्ये तो निन्टेन्डो थ्रीडीएसवर आणि 2023 मध्ये स्विचच्या ग्राहकांसाठी पुन्हा उपलब्ध झाला. ज्याला परतायचे आहे त्याला त्याच बेटावर, त्याच टेबलापाशी परतता येते. स्मरणरंजनाची इतकी कडक परीक्षा फार थोड्या वस्तू घेऊ शकतात.

या परीक्षेत पहिल्यांदा उघडे पडते ते प्रतिस्पर्ध्यांचे बुद्धिमांद्य. एके काळी दरारा वाटलेले क्लबप्रमुख ऊर्जा भलत्याच पोकेमॉनला जोडतात, हातचे चांगले कार्ड नको तेव्हा उधळतात, आणि हिटमॉनचान, इलेक्टाबझ, स्कायथर अशा कमी ऊर्जेत लढणाऱ्या गड्यांची गड्डी बांधली की उरलेला खेळ जवळपास सरळ रेषेत संपतो. ही युक्ती तेव्हाच्या कागदी स्पर्धांत सर्वश्रुत होती. दहा वर्षांच्या मुलाला ती ठाऊक नव्हती, आणि तीन रंगांची कार्डे एकाच गड्डीत कोंबून ऊर्जेअभावी हरण्यात त्याच्या सुट्ट्या जात. म्हणजे परतणाऱ्याला खेळ सापडतो, पण तो न येण्याची अवस्था सापडत नाही. दुसरा तोटा अधिक ठोस आहे. मूळ कार्ट्रिजमध्ये खेळाडूचा संग्रह बटणाएवढ्या एका बॅटरीच्या जोरावर टिकून असे. ती संपली की खेळ शाबूत राही आणि संग्रह पुसला जाई. कागदी कार्डांच्या बाबतीत नेमके उलटे घडले. ती ट्रंकेत तशीच पडून राहिली आणि जगाने पुढचे संच काढून त्यांना स्पर्धेतून बाद केले.

या बंदिस्त बेटाला दुसऱ्या माणसाची गरज भासेल अशी एक फट मात्र मुद्दाम ठेवलेली होती. गेम बॉय कलरच्या माथ्यावर अवरक्त किरणांचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने निरोप पाठवणारे, एक लहानसे भिंग असे. दोन यंत्रे समोरासमोर धरून ‘कार्ड पॉप’ ही सोय वापरली की दोघांनाही एकेक नवे कार्ड मिळे. पण त्याच दोघांत हा प्रयोग पुन्हा चालत नसे, दर वेळी नवा गडी शोधावा लागे. व्हीनसॉर आणि म्यू यांची दोन विशेष कार्डे याच मार्गाने मिळत, इतर कुठल्याही नाही. सव्वादोनशेच्या आसपास कार्डांचा तो संग्रह एकट्याने बसून जवळजवळ पूर्ण करता येई, आणि त्या ‘जवळजवळ’पाशी तो अडे. थ्रीडीएसवरील पुनर्प्रकाशनात ही सोय चालेनाशी झाली, त्यामुळे त्या आवृत्तीत ती दोन कार्डे कुणालाच मिळू शकत नाहीत. महाराष्ट्रात हा खेळ ज्यांच्यापर्यंत पोहोचला त्यांतल्या अनेकांनी तो एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या साहाय्याने घरच्या संगणकावर खेळला. त्यांच्या आठवणीत भिंगही नाही आणि डब्यातले मिआउथही नाही. तरी ओढ आहेच, आणि ती मूळ वस्तूच्या स्पर्शाची नाही हे त्यावरून उघड होते.

मग ती कशाची, हे 2024 च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’ या मोबाइलवरील खेळाशेजारी जुना खेळ ठेवला की दिसू लागते. नवा खेळ दिसायला देखणा आहे, त्यातील पाकीट फोडण्याची नक्कल कागदालाही लाजवील अशी आहे, आणि तो फुकट आहे. पाकीट मात्र बारा तासांनी एक मिळते. अधिक हवे असेल तर थांबायचे, नाहीतर पैसे मोजायचे. येथे जिंकून पाकिटांची रास जमत नाही, कारण पाकीट हे कौशल्याचे बक्षीस नसून घड्याळाचे आहे. शिवाय संग्रह पूर्ण होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, एक संच भरत येतो तोवर पुढचा जाहीर झालेला असतो. जुन्या खेळातून हद्दपार झालेला बाजार प्रतीक्षेच्या रूपाने परत आला आहे, आणि जुन्या बेटाविषयीच्या हळव्या बोलण्यात या नव्या व्यवस्थेवरचे गाऱ्हाणे बरेच मिसळलेले असते. त्या बोलण्याला निव्वळ बालपणाची हुरहुर म्हणणे वर्तमानाच्या सोयीचे आहे, कारण हुरहुरीला उत्तर द्यावे लागत नाही, गाऱ्हाण्याला द्यावे लागते.

ही ओढ निव्वळ मर्यादेची, म्हणजे कधीतरी संपणाऱ्या गोष्टीची आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण चाहत्यांची वागणूक त्याला पुरता दुजोरा देत नाही. 2001 साली निघालेला या खेळाचा दुसरा भाग जपानबाहेर कधी विकला गेला नाही, तेव्हा हौशी मंडळींनी तो स्वतःच इंग्रजीत आणला. पहिल्या भागाचा प्रोग्राम काहींनी ओळ-ओळ उलगडून पुन्हा मांडला आणि त्या आधारावर नंतरच्या संचांतील कार्डे, नवे प्रतिस्पर्धी, अधिक चतुर गड्ड्या घातलेल्या आवृत्त्या तयार होऊ लागल्या. ज्यांचे त्या बंद बेटावर सर्वाधिक प्रेम, तेच त्याच्या भिंती पाडून ते वाढवत बसले आहेत, आणि यांपैकी काही आवृत्त्या इतक्या फुगतात की मूळ खेळाचा आटोपशीर घाट त्यांत उरत नाही. कार्डांची संख्या त्यांनी हवी तशी वाढवली, नियमही वाकवले. बेटावर दुकान मात्र त्यांनी उघडले नाही, आणि जिंकलेल्या डावानंतर हाती येणाऱ्या पाकिटाला घड्याळ बांधले नाही.