काटकसर कोणाच्या जिवावर?

पावसाळ्याच्या दिवसांत चेलाडी फाट्यावरून नसरापूर मागे टाकून विंझर, मार्गासनीच्या वाटेने वेल्ह्याकडे निघाले, की ढगांत बुडालेले राजगड आणि तोरणा अधूनमधून दर्शन देतात. तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले असले, तरी माणसांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. त्याच वाटेवरच्या एका वाडीत, एका परिचित कुटुंबाच्या घरी आम्ही काही वर्षांपूर्वी गेलो होतो. बाहेर संततधार, आत चुलीवर भाकरी. फळीवर मात्र गॅसची शेगडी जुन्या लुगड्याच्या फडक्यात व्यवस्थित गुंडाळून ठेवलेली दिसली. एक बर्नर पेटत नव्हता आणि दुसरा भांडी काळी करीत होता, म्हणून ती बाजूला पडली होती. "दुरुस्तीला न्यायची तर जायायायचं भाडं, वर दिसाची मजुरी बुडती," घरधनीण म्हणाली. "चुलीचं बरं हाय. लाकडाला काय पैसं पडत्यात व्हय?"

हिशेब अचूक होता. सुट्या भागाची किंमत थोडी, पण तो भाग मिळेल तेथवर जाण्याची किंमत मोठी. शहरात राहणाऱ्या आम्हांस हे गणित कधी मांडावेच लागले नव्हते. तथापि त्या माउलीचा शेवटचा प्रश्न परतीच्या वाटेवर आमच्या मनातून जाईना. लाकडाला खरोखरच काही पडत नाही काय?

काटकसर हा सद्गुण आहे, याविषयी दुमत नाही. आपल्या आजीच्या काळी न्हाणीघरातला तांब्याचा बंब पिढ्यान्‌पिढ्या चाले. सांधा सुटला तर तो तांबटाकडे जाई. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी या कारागिरीसाठी आजही ओळखली जाते. कल्हईवाला तर दारावरच येत असे. रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारणे आणि पंपाचा चामडी वायसर बदलणे घरातल्या थोरल्या मुलालाही येई. विजेच्या शेगडीची तार तुटली तर नवी तार चार आण्यांपासून चार रुपयांपर्यंत, जसा काळ असेल तशी, विकत आणून खाचेत बसवली जाई. वस्तू दुरुस्त होण्यासाठीच घडवलेली असे आणि दुरुस्त करणारा हाकेच्या अंतरावर असे. त्या काटकसरीत कोणाच्या वाट्याला दुःख येत नव्हते. उलट दोन घरांच्या चुली पेटत होत्या, एक आपली आणि एक कारागिराची.

आता वाडीतल्या त्या चुलीकडे पुन्हा पाहू. तिथेही पैसा वाचत होता. पण तो कोठून वाचत होता? पावसात भिजलेले लाकूड धूर ओकते. तो धूर दिवसातून दोन वेळा एकाच व्यक्तीच्या डोळ्यांत आणि छातीत जातो, आणि तिच्या मांडीवर तान्हे असेल तर त्याच्याही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुराच्या प्रदूषणामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालील दोन लाखांहून अधिक बालके होती. म्हणजे लाकूड फुकट नव्हते. त्याची किंमत घराच्या वहीत लिहिली जात नव्हती, इतकेच. 'आयजीच्या जिवावर बायजी उदार' अशी आपल्याकडे म्हण आहे. तशीच काटकसरही कोणाच्या तरी जिवावर होऊ शकते. आणि ती किंमत भरणारी व्यक्ती बहुधा तीच असते, जिला घरात सर्वांत शेवटी विचारले जाते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. चूल केवळ अडाणीपणाने टिकलेली नाही. वेल्ह्याच्या पावसात ती घर उबदार ठेवते, ओले कपडे वाळवते, अंघोळीचे पाणी तापवते. गॅसची शेगडी यांतले एकच काम करते, तेही सिलिंडर भरण्याचे पैसे असतील तर. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून देशभर १० कोटींहून अधिक जोडण्या गरीब घरांतील स्त्रियांच्या नावे दिल्या गेल्या. ही लहान गोष्ट नव्हे. पण जोडणी देणे एक आणि ती चालू ठेवणे दुसरे. १९८० च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला होता. त्यातील अनेक चुलींबाबत हेच घडले: बसवणारे आले आणि गेले, चूल फुटल्यावर ती सांधणारा मात्र जवळपास नव्हता. देणारा देऊन मोकळा होतो, वस्तू मात्र रोज वापरावी लागते.

दुसऱ्या टोकाला आणखी एक खोटी काटकसर आहे. चिरा पडलेल्या गॅसनळीला चिकटपट्टी गुंडाळायची, कुकरचा सुरक्षा व्हॉल्व्ह गेला तर त्या जागी हाताला येईल ते बसवायचे. गॅस हवेपेक्षा जड असतो; तो गळला तर जमिनीलगत साचतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. म्हणून विवेक हा, की काय आपल्या हाताने सुधारावे आणि काय सुधारू नये, हे ओळखावे. ज्योत पिवळी होऊन भांडी काळवंडू लागली, तर बहुधा बर्नरची छिद्रे किंवा हवेची वाट तुंबलेली असते; शेगडी थंड असताना, गॅस बंद करून बर्नर सोड्याच्या गरम पाण्यात भिजवावा, छिद्रे बारीक सुईने मोकळी करावीत आणि तो पूर्ण वाळवून बसवावा. याला पैसा लागत नाही. गळतीची शंका आली तर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावेत. काडी ओढून कधीही पाहू नये. नळी मात्र पाच वर्षांनी बदललीच पाहिजे, आणि रेग्युलेटर वितरकाकडूनच बदलून घ्यावा. तेथे वाचवलेला रुपया हा वाचवलेला नसतो.

त्या वाडीतून परतल्यावर आम्ही आमच्याच घराचा माळा उघडला. तेथेही एक जुनी शेगडी होती. तिचा नॉब नीट बंद होत नसे. नवी घेतली तेव्हा 'कोणा गरजवंताला देऊ' असे म्हणून ती ठेवली होती. आम्हांस लाज वाटली. जी वस्तू आम्ही आमच्या लेकरांजवळ पेटवायला धजत नव्हतो, ती दुसऱ्याच्या लेकरांजवळ पेटवण्यास देऊन त्यालाच आम्ही दान म्हणणार होतो! पाच भाकरींच्या चमत्कारानंतर उरलेले तुकडे गोळा करण्यात आले, हे आपण जाणतो. पण ते तुकडे खाण्याजोगे होते, हे आपण विसरतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात टाकून देण्याच्या संस्कृतीवर बोट ठेवले. योग्य हेतूने वस्तू पुन्हा वापरणे हे प्रेमाचे कृत्य ठरू शकते, असा विचारही त्यात आहे. हेतू योग्य असणे हीच त्यातली अट आहे.

आम्ही ती शेगडी आधी दुरुस्त करून घेतली. नॉब आणि नळी मिळून खर्च एका वाढदिवसाच्या केकपेक्षा कमी आला.

केंद्र सरकारने २०२२ साली 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. सुटे भाग आणि माहिती ग्राहकाला मिळावी, हा त्यामागील विचार. तो स्वागतार्हच आहे. परंतु भोरच्या बाजारपेठेपासून दूर, डोंगराच्या कुशीत राहणाऱ्या घरापर्यंत हा हक्क पोचवायचा कोणी? आम्हांस वाटते, ते काम आपल्या आवाक्यात आहे. प्रत्येक धर्मग्रामात एखादा फिटर, एखादा वायरमन असतोच. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, त्याच्यासह एक गाडी एखाद्या वाडीत गेली, तर दहा घरांचे भाडे आणि दहा दिवसांची मजुरी वाचेल. त्याच्या कष्टाचे पैसे मात्र त्याला पुरते द्यावेत; नाहीतर आपली सेवाही पुन्हा कोणाच्या तरी जिवावरच व्हायची.

घरात काही मोडले, की आपण प्रथम विचारतो, 'किती पडेल?' तो प्रश्न रास्त आहे. त्याच्या पाठोपाठ दुसरा विचारण्याची सवय आपण लावून घेऊ या: 'आणि ते कोणाला पडेल?'