तत्त्वसिद्धान्तास तर्क व अनुभव यांचा आधार

जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परभिन्न होत, हा सिद्धान्त केवळ तर्काने व अनुभवाने सिद्ध होतो काय? हा प्रश्न कोणत्याही दर्शनास विचारता येतो. परंतु तो प्रथम आपल्याच दर्शनास विचारणे उचित होय.

तर्काच्या बाजूने मोठा प्रयत्न नैयायिकांचा. जगत् हे कार्य आहे, म्हणून घटास जसा कुंभार तसा जगतास कर्ता असला पाहिजे, असे अनुमान उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त मांडले. त्यावर रामानुजाचार्यांनी 'श्रीभाष्या'त घेतलेला आक्षेप नास्तिकाचा नव्हे, भक्ताचा आहे. घटादिकांचे कर्ते अनेक, अल्पज्ञ व देहधारी दिसतात; मग त्याच दृष्टान्ताने जगताचा कर्ता एक व सर्वज्ञ कसा ठरावा? ईश्वर शास्त्रानेच कळतो, असे त्यांचे मत. जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानेही १७८१ च्या ग्रंथात दाखविले की, अनुभवाची कक्षा सोडल्यावर जगतास आदी आहे व नाही, हे दोन्ही पक्ष बुद्धी सारख्याच जोराने सिद्ध करू लागते.

अनुभव घ्यावा तर तो कोणाचा? बौद्ध साधकास ध्यानात आत्मा आढळत नाही. वेदान्त्यास आत्म्यावाचून दुसरे काही उरत नाही. दोघांपैकी कोणासही लबाड म्हणण्याचे कारण नाही.

दृष्टान्तपाठातील हत्तीचा दृष्टान्त बहुधा परमतखंडनासाठी सांगितला जातो. त्याचे दुसरे अंग दुर्लक्षित राहते. आंधळ्यांची साक्ष कितीही गोळा केली तरी तिच्यातून हत्ती उभा राहत नाही. तो डोळसाने सांगावा लागतो. शब्दप्रमाणाची आवश्यकता ती हीच. पण डोळस म्हणविणारे अनेक आले तर? पायाला हात लागलेला खांब का म्हणाला व कानाला लागलेला सूप का म्हणाला, हे ज्यास उलगडून दाखविता येईल त्याचे ऐकावे. तर्काचे काम येथे सुरू होते, आणि ते लहान नाही.

ही कसोटी स्वमतासही लागू आहे. ऐक्याचा अनुभव आलेल्या साधकास भ्रम झाला, एवढ्याने भागत नाही. भेदवादी त्या अनुभवास देवतेच्या कोटीत ठेवतो. अद्वैती उलट भेदाचा अनुभव व्यवहाराच्या कोटीत ढकलतो. दोघेही एकमेकांस खालची पायरी देतात, म्हणून एवढ्यावर निर्णय होत नाही. अविद्या जीवास आश्रयून राहते की ब्रह्मास, यावर अद्वैतातील भामती व विवरण हे दोन संप्रदायच एकमत नाहीत, हे खरे. परंतु अनादी बंधन सुटते ते कसे, आणि सुटणाऱ्या जीवाचे जीवत्व मागे काय उरते, याचे उत्तर भेदवाद्यानेही तितक्याच तपशिलाने दिले पाहिजे.