धुराची दखल

फेब्रुवारी-मार्चमध्ये साताऱ्यात रात्री डोंगरउतारावर लाल रेघ सरकताना दिसते. ‘डोंगर पेटलाय’ एवढंच म्हणून माणसं जेवायला बसतात. तिकडे सांगली जिल्ह्यातल्या वाळवा-पलूस भागात ऊस तुटून गेला की पाचट पेटतं आणि दोरीवरच्या धुण्यावर काळ्या काड्या येऊन पडतात. झटकायला जावं तर काडीचा चुरा होऊन डाग पसरतो.

आगीची खबर आता चटकन लागते. उपग्रहांनी टिपलेल्या वणव्यांचे इशारे भारतीय वन सर्वेक्षण वनखात्याच्या मोबाइलवर पाठवतं. ते जंगलासाठी, आणि ठीकच आहे. उभा फड जाळून आणलेल्या उसाला कारखाना कपात लावतो, ती वजन-उताऱ्यासाठी. तुटल्यानंतरच्या पाचटाशी त्याचं देणंघेणं नाही. ज्याला त्याला आपापल्या मालाची काळजी. छातीची कुणालाच नाही.

हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक २०१५ पासून आहे. त्यात धूलिकणांची मोजणी चोवीस तासांच्या सरासरीवर चालते. पाचट पेटवतात वारा पडल्यावर, तिन्हीसांजेला. रात्री गार हवा खोऱ्यात बसते, धूर वर सरकत नाही. दमेकऱ्याला धाप लागते ती रात्रीच्या त्याच तासांत. दुपारची हवा मिसळली की आकडा सौम्य होतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सांगली आहे, सातारा नाही. यादी शहरांची, वाड्यावस्त्यांना तिथे जागा कुठली!

शेतकऱ्याला झोडपणं सोपं आहे. पाचट कुजवा, हे त्यालाही पटतं. पण खोडव्याला पाणी द्यायची घाई, पाचटात उंदीर, मजूर मिळत नाहीत, कुट्टीचं यंत्र वेळेवर येत नाही. काडी मात्र खिशातच असते.

इशारा कसा असावा, हे सांगलीला शिकवायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णा चाळीस फुटांवर गेली की इशारा पातळी, पंचेचाळीसला धोका पातळी. किती फुटांना कुठल्या गल्लीत पाणी शिरतं, कपाटं कधी माडीवर न्यायची, हे नदीकाठच्या घराघरांत पाठ आहे. हवेचा निर्देशांक १८० झाला तर कुणी काय करायचं? वनरक्षकाला जाणारा निरोप त्याच वेळी आशाताईंनाही जाऊ द्या. गावात दम्याचं कोण आहे, हे त्यांना ठाऊक असतं. पाचट पेटवणाऱ्यानेही आदल्या दिवशी ग्रामपंचायतीत सांगावं. पाणी कधी सुटणार ते ज्या स्पीकरवरून सांगतात, त्यावरूनच ‘उद्या अमक्या शिवारात पाचट पेटणार आहे’ हेही सांगता येईल.